सतरा सत्कार आणि एक फायनल

शाल आणि नारळ एका ताटात दिसले की माझं डोकं फिरतं. शाळेतून निवृत्त झाले तेव्हा माझा सत्कार ठेवला होता, मी गेलेच नाही. घरचे म्हणाले, हिचं काहीतरी बिनसलंय. बिनसलं होतंच, पण त्या दिवसाचं नव्हे. अकोल्याच्या फायनलपासूनचं आहे ते.

फायनल कशाची ते आधीच सांगून टाकते, कारण सांगितलं की लोक हसतात. रग्बीची. अमरावती विरुद्ध अकोला, आणि तीही मुलींची. घ्या हसून.

ती वर्षं अशी होती की वऱ्हाडात जो येई तो आमचं मनोबल वाढवायला येई. कपाशी गेली, सोयाबीन गेलं, की लगेच मुंबईच्या, दिल्लीच्या गाड्या यायच्या. एखाद्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभं राहून फोटो काढायचे, मान हलवायची, आणि मनोबल वाढवून संध्याकाळच्या गाडीने परत. मनोबलाची शिबिरं झाली, व्याख्यानं झाली, सायकल फेरी झाली. मग आमच्याकडच्या बी-बियाणं विकणाऱ्या दुकानदारांना वाटलं, आपणच कशाला मागे राहायचं? त्यांच्या संघटनेच्या अध्यक्षांनी टीव्हीवर कुठेतरी रग्बी पाहिली होती. चिखलात लोळणारे ते धिप्पाड गडी पाहून त्यांना काय साक्षात्कार झाला देव जाणे. म्हणाले, "हे आपल्या पोरींले जमते. कबड्डी खेळतेच त्या, फक्त हातात चेंडू द्याचा." झालं, निघाली लीग. सहा संघ, संघात सात-सात मुली, त्यांना मानधन, अंगावर दुकानांच्या नावांचे टी-शर्ट. व्यावसायिक लीग म्हणतात ना, ती.

मी तेव्हा अमरावतीला राजापेठेजवळच्या शाळेत शारीरिक शिक्षण शिकवत होते. माझा गुन्हा एकच, मी पुण्याला जाऊन रग्बीचं चार दिवसांचं शिबिर करून आले होते. त्यामुळे दोन जिल्ह्यांत नियमांचं पुस्तक वाचलेली बाई मी एकटी. म्हणून अमरावतीच्या संघाची प्रशिक्षक मी, आणि सगळ्या सामन्यांची पंचही मीच. मी अध्यक्षांना म्हटलं, "अहो, असं नसतं. आपल्याच संघाच्या सामन्यात पंच कसं व्हायचं?" तर म्हणे, "मॅडम, तुमच्यावर भरोसा आहे ना आमचा." अकोल्याचा संघ बघणाऱ्या कबड्डीवाल्या सरांना मी मुद्दाम विचारलं, तुम्ही व्हा पंच. ते म्हणाले, "शिट्टी मी मारतो, पन काहून मारायची ते तुमी सांगा."

नियम दोन पानांवर मराठीत लिहून काढले, राजापेठेतून झेरॉक्स काढून आणल्या आणि सगळ्या संघांना वाटल्या. चेंडू हातात घेऊन पुढे पळायचं, पण सहकाऱ्याला द्यायचा तर मागेच फेकायचा. हातून पुढे सांडला तर चूक. आणि पलीकडच्या शेवटच्या रेषेपार नुसतं गेलं म्हणून गुण मिळत नाही, तिथे तो चेंडू हाताने जमिनीला टेकवावा लागतो. टेकवला तर पाच गुण. एवढंच. चौथ्या दिवशी चहाच्या टपरीवर मला पोहे मिळाले ते माझ्याच अक्षरातल्या पानावर. मी तसेच ठेवून उठले.

संपूर्ण हंगाम मी घसा फोडून ओरडले. पोरी चेंडू घेऊन कबड्डी-कबड्डी पुटपुटत पळायच्या. प्रेक्षक रेषा ओलांडली की नाचायला लागायचे, मग चेंडू टेकवो न टेकवो. नसला टेकवला की मी गुण द्यायची नाही, आणि मग मलाच शिव्या. "बाई पुण्याची झाली," असं माझ्या तोंडावर म्हणायचे.

एक गोष्ट मात्र मी पोरींना पहिल्या दिवसापासून शिकवली आणि ती त्यांनी पाळली. मैदानात पाय ठेवायच्या आधी मातीच्या पाया पडायचं. उजवा हात जमिनीला, मग कपाळाला. कोणी विसरली की मैदानाला एक फेरी. आमचे कबड्डीचे गुरुजी आमच्याकडून हेच करून घ्यायचे, म्हणून मीही. यात माझा मोठा अभिमान होता, ते लपवत नाही.

अमरावतीची कर्णधार ही माझी सगळ्यात आवडती मुलगी. दर्यापूरकडच्या खेड्यातली, उंच, बारीक, बोलायला कमी. शारीरिक शिक्षणाची पदवी झालेली. राजापेठेत तिघींसोबत एक खोली घेऊन राहायची, सकाळी एका शिकवणी वर्गाचं शटर उघडायची, मुलांची हजेरी घ्यायची आणि दुपारी माझ्या मैदानावर. घरून सांगितलेलं होतं की अक्षय्य तृतीयेपर्यंत कुठे लागली तर ठीक, नाहीतर खोली सोडायची आणि आईसोबत लोकांच्या वावरात निंदायला-खुरपायला जायचं. हे तिने मला एकदाच सांगितलं, तेही मी तिला वजन कमी झालं म्हणून झापत होते तेव्हा.

अकोल्याची कर्णधार पातूरची. वडिलांचं गाद्या भरायचं दुकान, ती स्वतः कापूस पिंजायची, आणि तिच्या दंडात जो जोर होता तो माझ्या अख्ख्या संघात नव्हता. अर्धं वऱ्हाडी, अर्धं हिंदी बोलायची. "मॅडम, आप सिर्फ इंसाफ करा, बाकी मी पाह्यते," असं मला प्रत्येक सामन्याआधी सांगायची. तिचीही तीच पदवी, तिलाही नोकरी नाही.

आणि या दोघींच्या मध्ये अध्यक्षांनी नेऊन काय ठेवलं? चिखलदऱ्याच्या रस्त्यावर एक निवासी शाळा होती, अध्यक्ष तिच्या मंडळावर होते. तिथे क्रीडाशिक्षिकेची जागा भरायची होती. फायनलच्या आठवडाभर आधी त्यांनी जाहीर करून टाकलं की जिंकणाऱ्या संघाच्या कर्णधाराला ती जागा. मी तणतणत त्यांच्या दुकानात गेले. म्हटलं, नोकरी काय चषक आहे का द्यायला? मुलाखत घ्या, दोघींची पात्रता बघा. ते खताच्या पोत्यावर हात ठेवून म्हणाले, "मॅडम, याच्यानं चुरस वाढते." त्यांची चुरस वाढली आणि माझी झोप उडाली.

फायनल अकोल्याला, दुपारी चारची. आम्ही अडीचला पोहोचलो. मैदान बघितलं आणि मी हातातली पिशवी खाली टाकली. काळी माती, ती आधीच भेगाळलेली. पाहुण्यांच्या अंगावर धूळ उडू नये म्हणून सकाळी टँकर सोडलेला. एक नाही, तीन. काळ्या मातीवर तीन टँकर पाणी म्हणजे काय हे वऱ्हाडातल्या माणसाला सांगावं लागतं का? पण सांगायला कोणी होतंच कुठे. पोरी चार पावलं चालल्या की बुटांना दोन-दोन किलो चिखल. त्यावर पाहुण्यांचे जोडे भरू नयेत म्हणून मंडपापासून मैदानाच्या मधोमधपर्यंत सतरंज्यांची वाट टाकलेली.

चार वाजता सामना सुरू व्हायचा तर चार वाजता दीपप्रज्वलन सुरू झालं. वाऱ्याने ते पाच वेळा विझलं. मग स्वागतगीत. मग सत्कार. अध्यक्षांचा, उपाध्यक्षांचा, टँकरवाल्यांचा, मंडपवाल्यांचा, ज्यांच्या शेजारचं मैदान होतं त्यांचा, जे येऊ शकले नाहीत त्यांच्या प्रतिनिधींचा. मी मोजले, सतरा. प्रत्येकाला शाल, नारळ आणि दोन शब्द. आणि माइकवर जे निवेदक होते त्यांना प्रत्येक शालीला एक चारोळी सुचत होती. दोन्ही संघ मंडपाबाहेर उन्हात बसून. मी तीनदा चिठ्ठी पाठवली, 'उजेड जाईल.' तिसऱ्या चिठ्ठीनंतर निवेदक माइकवरून म्हणाले, "आमच्या पंच मॅडम अधीर झाल्या आहेत, तर त्यांचाही सत्कार घेऊनच टाकू." अठरावी शाल ते माझ्या खांद्यावर टाकायला निघाले होते. मी शिट्टी वाजवली. भर सभेत, मंडपात, जोरात. लोक दचकले आणि अध्यक्षांनी हात जोडले. तेव्हा कुठे सहाला दहा कमी असताना संघांना बोलावलं.

बोलावलं ते सतरंजीवरून, थेट मैदानाच्या मध्यभागी, पाहुण्यांशी हस्तांदोलन करायला. पोरी एका रांगेत गेल्या. आमची कर्णधार माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "मॅडम, पाया पडाचं राह्यलं."

मी खेकसले. "आता काय पाया पडतं वं! उजेड चालला. मंग पड!"

ती "बरं" म्हणाली. एवढंच.

सात मिनिटांचे दोन डाव. गोलपोस्ट मिळालेच नव्हते म्हणून लाथेने मिळवायचे गुण आम्ही आधीच रद्द केले होते. पहिल्या डावात पातूरच्या पोरीने आमच्या तिघींना अंगाच्या धक्क्याने उडवून पाच गुण घेतले. निवेदक माइकवर कबड्डीच सांगत होते, "चढाई यशस्वी, बोनस!" मी डोळे मिटून घेतले. दुसऱ्या डावात आमच्या एका बुटक्या पोरीने सगळ्यांच्या पायांतून सरपटत नेऊन चेंडू टेकवला. पाच-पाच. इतका चिखल लागला होता की कोण कुठल्या संघाची ते उंचीवरून ओळखावं लागत होतं. मंडपातले सतराही सत्कारमूर्ती शाली सावरत उभे राहिले होते.

शेवटची दोन मिनिटं राहिली असतील. चेंडू आमच्या कर्णधाराच्या हाती आला आणि ती बाजूच्या रेषेलगत सुटली. काय पळाली ती पोरगी! मी पंच होते, माझं तोंड बंद हवं होतं, पण आतून मी बोंबलत होते, पळ माय, पळ. मीही तिच्या बरोबरीने पळत होते. अकोल्याच्या सगळ्या मागे राहिल्या. तिने शेवटची रेषा ओलांडली. जवळ चिटपाखरू नव्हतं.

आणि ती थांबली. चेंडू डाव्या काखेत. खाली वाकली, उजवा हात मातीला लावला, कपाळाला लावला.

तेवढ्यात मागून पातूरची आली आणि तिच्या डाव्या दंडावर आदळली. चेंडू काखेतून निसटला, समोर पडला, घरंगळत गेला. मी पाच पावलांवर होते. मी स्वच्छ पाहिलं. चेंडू तिने टेकवलेला नव्हता, तो सांडला होता.

मैदान फुटल्यासारखं झालं. अमरावतीचे नाचायला लागले, निवेदकांचा गळा बसला. ती रेषेपार गेली होती, चेंडू रेषेपार पडला होता, आणखी काय पाहिजे? पातूरची पोरगी चिखलात बसून डोकं धरून रडायला लागली, तिलाही वाटलं संपलं. त्या अख्ख्या मैदानात नियम कोणालाच माहीत नव्हता. माहीत होता तो मला.

मी शिट्टी वाजवली आणि हात वर केला. पाच गुण, अमरावती.

हो, केला. हंगामभर नियम-नियम करून ज्या बाईने लोकांचा जीव खाल्ला, तिनेच केला. मला दिसत होती ती चिखलदऱ्याची शाळा, आणि तिच्या मैदानावर गळ्यात शिट्टी घालून उभी असलेली ही पोरगी. ती पाया पडली ती माझ्यामुळे, आणि उशिरा पडली तीही माझ्यामुळेच. तिचा काय दोष?

सगळ्या पोरी तिच्या अंगावर पडल्या होत्या. त्यांच्यातून ती कशीबशी बाहेर आली, माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, टेकवला नाई मी."

मी म्हटलं, "चूप बस."

"सांडला तो. मी टेकवला नाई."

"अवं, चूप बस ना बापा!"

पण तोवर पातूरची उठून उभी राहिली होती. तिने ऐकलं. "काय म्हणून राहिली ते? टेकवला नाई?" मग कबड्डीवाले सर आले, मग अध्यक्ष. अध्यक्ष मला विचारतात, "मॅडम, टेकवा लागते काय?" सबंध हंगाम यांनी ही लीग चालवली! म्हटलं, लागतो. हात खाली घेतला. चेंडू अकोल्याला दिला.

पुढचं एका मिनिटात झालं. पातूरची चेंडू घेऊन मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळाली, कोणाच्या हाती लागली नाही, आणि रेषेपार जाऊन तिने दोन्ही हातांनी चेंडू मातीत दाबला, त्यावर पोट टाकून पडून राहिली. मी जाऊन शिट्टी वाजवेपर्यंत उठली नाही. दहा-पाच. तिने मला मिठी मारली, माझा सगळा सदरा चिखलाने भरला, आणि रडत म्हणाली, "मॅडम, इंसाफ केला तुमी." मला वाटलं धरणीने पोटात घ्यावं.

बक्षीस समारंभाला आणखी सत्कार होते. मी थांबले नाही. पोरींना क्रूझर गाडीत कोंबलं आणि निघालो. गाडी अकोल्याबाहेर पडताच सगळ्या एकदम तिच्यावर तुटून पडल्या. "तुले काय गरज होती वं सांगाची? मॅडमनं दिले होते ना गुन!" "मोठी आली खरं बोलनारी!" "आनं पाया पडाले तेच टाइम भेटला काय तुले?" मी त्यांना गप्प करायला हवं होतं. केलं नाही. खरं सांगते, मीही मनातून तिच्यावरच चिडले होते. कोणी मागितलं होतं तुझं खरं?

ती फक्त एवढंच म्हणाली, "मॅडम म्हनल्या होत्या, मंग पड. रेघ ओलांडली, कोणी जवळ नव्हतं, वाटलं आता पडून घेऊ."

मूर्तिजापूरला गाडी चहासाठी थांबली. पोरी उतरल्या, ती आणि मी तेवढ्या गाडीत राहिलो. तिने टी-शर्टावरचा वाळलेला चिखल नखाने खरवडत मला विचारलं, "मॅडम, तुमी पाच पावलांवर होत्या. तुमाले दिसलं नाई काय?"

मी म्हटलं, "उजेड कुठे होता? सतरा सत्कार करून ठेवले मेल्यांनी. अंधारून आलं होतं, काय दिसणार?"

खरं तर ती रेषेपार गेली तेव्हा सूर्य बुडायला चांगला वेळ होता, आमच्या सावल्या रेषेवर लांबच लांब पडल्या होत्या. तिलाही ठाऊक होतं. ती पळत असताना तिची सावली माझ्या पायांवर येत होती.

"हो मॅडम," ती म्हणाली. "उजेड कमीच होता."

मग तिने पिशवी उघडली, घडी घालून ठेवलेली दोन पानं काढली आणि माझ्या हातात दिली. माझ्याच अक्षरातली, झेरॉक्स. 'टेकवणे' या शब्दाखाली तिने पेन्सिलीने दोनदा रेघ ओढलेली होती. "आता मले काय करायचे," म्हणाली आणि चहा घ्यायला उतरली.

अक्षय्य तृतीयेला तिने खोली सोडली. लीग पुढच्या वर्षी झाली नाही. पातूरची आजही चिखलदऱ्याच्या त्या शाळेत खेळ शिकवते, छान शिकवते, दिवाळीला फोन करते आणि दरवेळी त्या इन्साफाची आठवण काढते. मीही दरवेळी तिला सांगते की अगं, उजेडच नव्हता त्या दिवशी, सत्कारांनी घात केला.